रिकव्हरीतली फाईल: आधी वेळ, मग बाकीचं

ऑपरेशन झालेल्या पेशंटची ट्रॉली ओटीतून (ऑपरेशन थिएटर) रिकव्हरी रूममध्ये आली की हात आधी पेशंटकडे जातात, आणि जायलाच पाहिजेत, फाईल बिचारी पायाशी पडून असते. एअरवे (श्वासाचा मार्ग), सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), पल्स, बीपी बघून झालं की मात्र लगेच फाईल घ्या, भूलवाले डॉक्टर समोर उभे आहेत तोवरच, कारण एकदा ते पुढच्या केसला गेले की सापडत नाहीत.

त्यांना पहिला प्रश्न एकच: शेवटचं पेनकिलर कोणतं, किती, किती वाजता? माझ्याच हातून घडता घडता राहिलं. ओटीत पावणेदोनला पॅरासिटामॉल 1 ग्रॅम गेलेलं, पण ते फक्त भुलीच्या चार्टवर बारीक अक्षरात, मी ऑर्डरशीट बघून तीनला दुसरी बाटली स्टँडला लटकवलीसुद्धा, सिनियर सिस्टरनी पान उलटून दाखवलं तेव्हा घाम फुटला. तेव्हापासून रिकव्हरी चार्टच्या माथ्यावर चौकट करून शेवटचा डोस आणि वेळ लिहिते, बाकी सगळं त्याच्या खाली.

कागद लावताना वर रिकव्हरी चार्ट, मग ऑर्डरशीट, औषधांचा चार्ट, भुलीचा चार्ट, ओटी नोट्स. कन्सेंट आणि जुने रिपोर्ट मागे गेले तरी चालतं.

व्हायटल्स, म्हणजे पल्स, बीपी वगैरे, साधारण पहिला तास दर 15 मिनिटांनी, पुढे तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल असेल तसं. चार रकाने आधीच भरून ठेवायची सवय असेल तर आजच सोडा! घाई असली की मी मायक्रोपोर चिकटपट्टीच्या तुकड्यावर वेळ नि बीपी लिहून ॲप्रनला चिकटवते, पण तो तुकडा कचऱ्यात जायच्या आत चार्टवर उतरला पाहिजे.

'पेशंट ठीक आहे' असलं लिहू नका, त्यातून पुढच्या सिस्टरला काहीच कळत नाही. 'हाक मारल्यावर डोळे उघडतो, नाव सांगतो, दुखणं 10 पैकी 6, ड्रेसिंग कोरडं' असं लिहा. ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) आणि युरोबॅगमध्ये (लघवीची पिशवी) येतानाच किती होतं ते वेळेसकट आधी नोंदवा, नाहीतर तासाचा हिशोब लागत नाही. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 एमएलच्या खाली युरिन चाललं तर नुसतं लिहून थांबू नका, कोणाला किती वाजता कळवलं तेही लिहा.

चूक झाली तर व्हाइटनर अजिबात नाही, एक रेघ मारा, वेळ, सही.

पेशंट वॉर्डला शिफ्ट करायच्या आधी अल्ड्रेट स्कोर, म्हणजे पेशंट भुलीतून किती सावरला त्याचे मार्क. हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध, सॅच्युरेशन, प्रत्येकी 2 मार्क, 10 पैकी 9 किंवा जास्त आले की सहसा सोडतात, 1970 साली हा स्कोर आला तेव्हा सॅच्युरेशनच्या जागी कातडीचा रंग बघायचे. स्पायनल (पाठीत सुई देऊन दिलेली भूल) असेल तर पाय किती हलतात ते वेगळं लिहा.

वॉर्डच्या सिस्टरला ती चौकट बोट ठेवून दाखवा, ड्रेन दोघींनी मिळून बघा, मग सही घ्या. आणि हो, कवळी आणि चष्मा कोणाच्या ताब्यात दिला तेही लिहा, नातेवाईक सगळ्यात आधी तेच विचारतात.