बालगृहात एक दिवस जाताय? मग हे बघा

जळगाव-धुळ्याकडच्या एनएसएसवाल्यांनो, आधी अधीक्षकांना फोन करून वेळ ठरवा, डायरेक्ट गेटवर जाऊन उभं राहू नका. केक नको, पोरं वैतागलीयेत त्याला, त्यापेक्षा केळीच्या दोन फण्या न्या, आपल्याकडे काय तोटा आहे!

मोबाईल बॅगेतच. पोरांचे फोटो टाकणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आईबाप कुठेत हे विचारू नका, कॅरम मांडा, गणितं घ्या. मला एका पोऱ्यानं हातावर पेननं घड्याळ काढून दिलं अन् म्हणे, दादा पाच वाजले, आता तू जाशील ना. तारीख पक्की असेल तरच 'परत येतो' म्हणा.