इंग्लंडमधल्या शाळेत 'रिलेशनशिप्स'च्या तासाबद्दल बोलायला जाताय? या चुका टाळा

'रिलेशनशिप्स' म्हणजे नातेसंबंधांचा तास. मुलगी इयर टूमध्ये (वय सहा-सात) होती तेव्हाची गोष्ट. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पुस्तकाच्या पानाचा फोटो फिरला, खाली 'हे आपल्या शाळेत शिकवतायत!' दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवरच क्लास टीचरला गाठलं. मागे पालक थांबलेले, मुलगी हात ओढतेय आणि माझा आवाज चढलेला. ते पान शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. वर्गात दाखवली होती ती घरांची चित्रं: एका घरात दोघी आई, एकात एकटे बाबा, एकात आजी. लेकीने आजीच्या घरावर बोट ठेवून 'हे आमचं' म्हटलं होतं. हे मला टीचरनेच सांगितलं.

धडा न बघता भांडायला जाणं ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती मी केलेली आहे. शाळेचं या विषयाचं धोरण वेबसाइटवर असावंच लागतं. ते वाचा, मग धडे मागा. 'कॉपीराइट आहे, दाखवता येणार नाही' असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. ते कारण चालणार नाही, हे तेव्हाच्या शिक्षणमंत्री गिलियन कीगन यांनी २०२३ मध्ये स्पष्ट केलं होतं. ईमेल दोन ओळींचा पुरे: इयर फोरला या टर्ममध्ये कोणते धडे आहेत, आणि ते बघायला कधी येऊ?

'माझ्या मुलाला यातून काढा' असं सरसकट लिहिणं. इथे तीन गोष्टींची गल्लत होते. सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळेत रिलेशनशिप्स एज्युकेशन सक्तीचं आहे: कुटुंब, मैत्री, नको असलेला स्पर्श, ऑनलाइन सुरक्षितता. त्यातून मूल काढता येत नाही. सरकारी शाळांत हेल्थ एज्युकेशनही सक्तीचं, आणि पाळी येणं, वयात येणं हे त्यातच येतं. काढता येतं ते फक्त सेक्स एज्युकेशनमधून. प्राथमिक शाळेत ते सक्तीचं नाही. शाळा शिकवत असेल आणि तुम्ही नको म्हणालात, तर हेडटीचरना ते मान्य करावं लागतं. विज्ञानाच्या अभ्यासक्रमातला भाग मात्र सुटत नाही. माध्यमिकमध्ये ही विनंती सहसा मान्य होते, पण सोळावा वाढदिवस तीन टर्मवर आला की मूल स्वतःच 'मला बसायचंय' म्हणू शकतं. वेल्समध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे २०२२ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पालकांना हा हक्कच नाही. इंग्लंडचं सुधारित मार्गदर्शन १ सप्टेंबर २०२६ पासून लागू होणार म्हणून ठरलेलं आहे, तेव्हा जुन्या फॉरवर्डवर विसंबू नका.

शाळा मत विचारते तेव्हा गप्प बसणं. धोरण ठरवताना पालकांशी सल्लामसलत करणं शाळेला बंधनकारक आहे. म्हणून नकाराधिकार मिळत नाही, पण कोणत्या वयाला काय शिकवावं यावर लिहायची हीच खरी वेळ. ती फॉर्मची लिंक आपण 'नंतर बघू' म्हणून सोडून देतो.

समानतेचा कायदा फक्त 'त्यांच्यासाठी', म्हणजे समलैंगिकांसाठी, आहे असं धरून चालणं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० मध्ये नऊ बाबींना संरक्षण आहे. त्यात लैंगिक कल (म्हणजे समलैंगिक असणंही) आहे, तसाच वंश आहे, धर्म आणि श्रद्धाही आहे. आपल्या मुलाला रंगावरून, उच्चारावरून चिडवलं तर आपण याच कायद्याचा आधार घेतो. शाळेचं समानतेचं धोरणच काढून टाका म्हणणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. शिवाय अभ्यासक्रमात काय आहे, हे या कायद्याच्या भेदभावाच्या कलमांत येत नाही. ते कसं शिकवलं जातं, हे येतं. म्हणून 'हा धडा आमच्या धर्माविरुद्ध आहे' ही तक्रार टिकत नाही. पण घरची श्रद्धा सांगितली म्हणून वर्गात मुलाला हिणवलं असेल, तर ती तक्रार गंभीर आहे. तारीख, कोण काय बोललं, सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा.

पायऱ्या गाळणं. आधी क्लास टीचर, मग हेडटीचर, मग लेखी तक्रार, मग गव्हर्नर (शाळेच्या कारभारावर देखरेख करणारं मंडळ). अकॅडमी (स्थानिक कौन्सिलऐवजी स्वतंत्र ट्रस्ट चालवतो ती सरकारी पैशावरची शाळा) असेल तर शेवटी सुनावणीची समिती बसते आणि त्यात शाळेच्या कारभाराबाहेरची किमान एक व्यक्ती लागते. शिक्षण खातं त्याच्याही नंतर. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या अँडरटन पार्क प्राथमिक शाळेबाहेर समलैंगिक नात्यांबद्दल शिकवण्यावरून कित्येक आठवडे निदर्शनं चालली, मेगाफोन लावून. हायकोर्टाने शाळेजवळ निदर्शनांना आधी तात्पुरती आणि नोव्हेंबरात कायमची बंदी घातली. निदर्शनं चालू असताना चिमुरडी मुलं त्या आरडाओरड्यातच शाळेत होती.

एक घरातलं. लेक इयर फाइव्हला गेल्यावर मी धडे मागितले आणि वर्गाच्या आदल्या संध्याकाळी तिच्यासोबत बघितले. पाळीचं पान आलं तेव्हा मला आईचा एकच शब्द आठवला, 'कावळा शिवला'. तिने विचारलं, 'कावळा का?' मग मी लॅपटॉप बाजूला ठेवला, 'पाळी' हा शब्द सांगितला आणि पहिल्यापासून बोलायला लागले.