लघवीचं कल्चर: नमुना नीट दिला तरच रिपोर्ट खरा

लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. सोबत थंडी वाजून ताप, उलट्या किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखत असेल तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरोदर बाईने तर साध्या जळजळीलाही थांबू नये.

डॉक्टरांनी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायची तपासणी, सांगितलं असेल तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या. नंतर दिला तर जंतू वाढत नाहीत आणि संसर्ग असूनही रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ (वाढ नाही) येऊ शकतो. गोळी आधीच सुरू असेल तर ती मनाने बंद करू नका, तिचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते लॅबला सांगा.

डबी निर्जंतुकच हवी, कल्चरसाठी मागून घ्या. घरातली बाटली उकळून चालत नाही. सकाळची पहिली लघवी उत्तम, नाहीतर निदान चार तास साठलेली. नमुन्याआधी तांब्याभर पाणी पिऊ नका, जंतू विरळ होतात.

आधी हात साबणाने धुवा. बायकांनी जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन, कोरडी करून, योनीचे ओठ बोटांनी बाजूला धरावेत. पुरुषांनी पुढची कातडी मागे घेऊन धुवावं. डेटॉल वापरू नका, त्याचा अंश डबीत गेला तर जंतू मरतात. सुरुवातीची धार सोडून द्या, धार न थांबवता मधली 20-30 मिली डबीत धरा, उरलेली सोडा. झाकण ठेवताना त्याची आतली बाजू वर असू द्या, डबीला आणि झाकणाला आतून बोट लावू नका. पाळी चालू असेल तर लॅबला कळवा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? लॅबमध्ये ठरावीक मापाच्या कडीने बहुधा एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, प्लेटवर पसरतात आणि साधारण 37 अंशांवर 18 ते 24 तास ठेवतात. प्लेटवरची एक वसाहत, म्हणजे वाढलेल्या जंतूंचा एक ठिपका, म्हणजे मिलिलिटरमागे हजार जंतू. त्यामुळे कातडीवरचे थोडे जंतूही मोठा आकडा दाखवतात. त्यात उशिराची भर पडते. ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत 64 पट. धायरीहून किंवा वाघोलीहून पेठेतल्या लॅबपर्यंत उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत डबी ठेवली, की हेच घडतं. दोन तासांत पोचवा. जमणार नसेल तर पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये 4 अंशांना ठेवा, 24 तासांपर्यंत चालते. फ्रीजरमध्ये मात्र नको.

कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) असेल तर लघवीच्या पिशवीतला नमुना निरुपयोगी. नर्सने नळीच्या पोर्टमधून निर्जंतुक सिरिंजने काढायला हवा. तान्ह्या बाळाला चिकटवलेल्या पिशवीतलं कल्चर ‘नो ग्रोथ’ आलं तर उपयोगी, पण जंतू दिसले तर त्यावर विसंबता येत नाही.

लघवीच्या रुटीन रिपोर्टमध्ये पस सेल्स (पूपेशी) पाचपर्यंत साधारण ठीक. एपिथेलियल सेल्स भरपूर असतील तर नमुन्यात कातडी मिसळली असावी. नायट्राइट (काही जंतू लघवीत तयार करतात ते रसायन) पॉझिटिव्ह आलं तर जंतूंची शक्यता बरीच, पण निगेटिव्ह म्हणजे सुटका नव्हे: एन्टेरोकॉकस हा जंतू नायट्राइट तयार करत नाही.

कल्चरमध्ये एकाच जातीचे मिलिलिटरमागे 1 लाख किंवा जास्त जंतू ही जुनी रूढ मर्यादा. त्रास स्पष्ट असेल तर कमी आकड्यालाही डॉक्टर महत्त्व देतात. ‘मिक्स्ड ग्रोथ’ (अनेक जातींचे जंतू) आलं तर बहुतेक वेळा नमुना बिघडलेला असतो, पुन्हा द्या. औषधांच्या यादीत ‘एस’ म्हणजे जंतूवर चालतं, ‘आर’ म्हणजे चालत नाही. पण ‘एस’ पाहून मेडिकलमधून गोळी आणू नका. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक मूत्राशयात चांगलं काम करतं, किडनीच्या संसर्गात नाही, कारण तिथल्या ऊतींत ते पुरेसं पोचत नाही.

त्रास काहीच नसताना जंतू दिसले, तर बहुतेकांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, अँटिबायोटिक लागत नाही. गरोदर बाईला मात्र द्यावं लागतं आणि औषध संपल्यावर तिचं कल्चर पुन्हा केलं जातं. इतरांची जळजळ थांबली असेल तर सहसा दुसऱ्या कल्चरची गरज नसते.