कोजागिरीला चालत जायचंय ना, मग पँटचं आत्ताच बघा

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारी माणसं बूट बघतात, पाण्याची बाटली, बॅटरी, गोळ्या सगळं आठवणीनं गोळा करतात आणि पँट मात्र कपाटात वर जी सापडेल ती चढवून निघतात, मग ४५ किलोमीटरमधलं निम्मं अंतर मांड्या सोलवटल्या म्हणून पाय फाकवून चालायचं. दरवर्षी कुणी ना कुणी असं दिसतंच, म्हणून यंदा बरंच आधी लिहून ठेवतेय. आणि ही काही फक्त एका रात्रीपुरती पँट नाही बरं का, मला ती रोज गाडीवरून ऑफिसला पण घालायचीय, रविवारी नान्नजच्या माळावर पण. एकच नीट बघून घेतली की तीन-चार वर्षं बघायला नको.

आधी वेळेचं बोलू. शिवून घेणार असाल तर कापड गणपतीतच आणून ठेवा आणि पितृपंधरवड्यात शिंप्याकडे टाका. त्या दिवसांत नवं कापड कुणी घेत नाही, शिंपी जरा मोकळा असतो, तुमचं म्हणणं ऐकून घेतो. नवरात्र बसलं की दिवाळीची गर्दी सुरू होते, मग तो फक्त माप घेतो आणि तारीख सांगतो. रेडिमेड घेणार असाल तरी निदान तीन आठवडे आधी घ्या, का ते पुढं सांगते.

आता कापड. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात लूमवर होते, त्यामुळं जीएसएम हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेला. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. शर्टाचं कापड साधारण १२० ते १५० असतं, पँटला २२० च्या खाली जाऊ नका, २५० च्या आसपास असेल तर उत्तम, कारण ३०० च्या वर गेलं की आपल्या उन्हात नको वाटतं. जीन्सचं वजन औंसात सांगतात, १२ औंस म्हणजे जवळपास ४०० जीएसएम, त्यामुळं जीन्स टिकते हे खरं, पण पावसात किंवा घामानं भिजली की जड होते, वाळत नाही आणि चालताना मांडीला खरखर लागते. लांब चालायला जीन्स नकोच, कितीही आवडती असली तरी.

दुकानात कुणी जीएसएम सांगेलच असं नाही, मग वडील करायचे तसं करा. कापडाचा एक कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरून दहा-पंधरा वेळा जोरात चोळा. हलक्या कापडाला खळ भरून कडक केलेलं असतं, चोळल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागते आणि तेवढाच भाग चिंधीसारखा मऊ पडतो, म्हणजे दोन धुण्यांत सगळी पँट तशीच होणार. चांगलं कापड चोळल्यावर थोडं गरम होतं आणि सोडलं की परत होतं तसं. मग कापडामागं हात धरून ट्यूबलाइटकडे बघा, बोटं सुटी सुटी दिसली तर ठेवून द्या खाली. वडील एवढं केल्याशिवाय किंमत विचारायचे नाहीत, मी पण नाही विचारत.

विणीत ट्विल बघा, म्हणजे ज्यावर बारीक तिरक्या रेषा दिसतात ते, जीन्स पण ट्विलच असते. साध्या विणीपेक्षा यात धागे जास्त दाटून बसतात, म्हणून घासलं तरी लवकर विरत नाही. दुसरं रिपस्टॉप, ज्यात थोड्या थोड्या अंतरावर जाड धागा घालून बारीक चौकटी केलेल्या असतात, काट्यानं भोक पडलं तरी ते चौकटीशी अडतं, फाटत पुढं जात नाही. हे दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटच्या कापडासाठी निघालं, आता ट्रेकिंगच्या पँटला सगळीकडे दिसतं. आणि धागा कुठला? शुद्ध सुती अंगाला बरं पण सावकाश वाळतं, सगळं नायलॉन असलं की पटकन वाळतं पण मे महिन्यात अंगाला चिकटतं. माझं मत विचाराल तर रोजच्यासाठी पॉलिस्टर आणि कॉटन मिक्स, ६५-३५ असतं ते. युनिफॉर्मचं कापड हेच, आणि युनिफॉर्म शिवायचा धंदा आपल्या सोलापुरात एवढा मोठा आहे की हे कापड शोधत फिरावं लागत नाही. कारखान्यातला माणूस जी पँट घालून रोज आठ तास राबतो ते कापड तुमच्या-माझ्या चालण्याला पुरून उरतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नायलॉन-पॉलिस्टर आगीजवळ नको. गेल्या वर्षी हुरड्याला आगटीजवळ बसले होते, कणसं भाजत होती, एक ठिणगी उडून मांडीवर पडली आणि फुंकर मारेपर्यंत नायलॉनच्या पँटला मुगाएवढं भोक, कडा काळ्या आणि कडक झालेल्या, त्वचेला चटका तो वेगळाच. शेजारी मैत्रीण सुती पँटवर बसली होती, तिच्यावर पण ठिणगी पडली, तिनं झटकली आणि नुसता तपकिरी ठिपका राहिला. गाडीच्या गरम सायलेन्सरला पाय टेकला तरी हेच होतं, नायलॉन वितळून चिकटतं.

माळावर जाणारे असाल तर आणखी एक, कापडाचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा. नान्नजला, माळढोकच्या अभयारण्याकडे, पावसाळा संपला की कुसळं अशी तयार होतात की होजिअरीच्या ट्रॅक पँटमध्ये शेकड्यानं घुसतात आणि घरी येऊन तासभर एकेक उपटत बसावं लागतं, घट्ट विणीच्या ट्विलवर ती तेवढी धरत नाहीत. रंग खाकी, मातकट नाहीतर मळकट हिरवा घ्या. खाकी हा शब्दच मुळात फारसीतल्या खाक म्हणजे धुळीवरून आलाय आणि सोलापूरच्या धुळीत त्याचा अर्थ लगेच कळतो. काळ्यावर धूळ उठून दिसते आणि उन्हात तापतं पण जास्त.

कापड पसंत पडलं की पँट उलटी करा. दुकानदार बघत राहिला तरी चालेल. पँट कापडात क्वचितच फाटते, जाते ती सीटच्या शिवणीत. तिथं दोन्ही हातांनी शिवण आडवी ताणा, टाके उघडे पडून मधून उजेड दिसला तर ती पँट घेऊ नका. एका इंचात आठ ते दहा टाके हवेत आणि सीटला, मांडीच्या आतल्या बाजूला डबल शिलाई हवीच. कडा आत मुडपून वरून दोन ओळी मारलेल्या असतील, जीन्सला असतात तशा, तर सगळ्यात मजबूत. खिशाच्या कोपऱ्यांना आणि लुप्प्यांना दाट आडवे टाके असतात, त्याला बारटॅक म्हणतात, ते प्रत्येक ठिकाणी आहेत का मोजा. जीन्सच्या खिशाला तांब्याचे रिव्हेट असतात ते पण याच कामाचे, १८७३ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं गेलं ते मजुरांचे खिसे उसवतात म्हणूनच. मी दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून कार्गो घेतली होती, बाहेरून सहा खिसे, दणकट दिसायची, आतून सीटला एकेरी शिलाई. तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडीच्या पुढं खाली बसून बुटाची लेस बांधायला गेले आणि चरकन वीतभर उसवली, पुढचा घाट मी कमरेला स्वेटर बांधून चढले. तेव्हापासून उलटी केल्याशिवाय पँट घेतच नाही.

सीटखाली चौकोनी तुकडा जोडलेला असेल, जुन्या पायजम्याला असायचा तसा, तर ती पँट आधी उचला. चार शिवणी एका टोकाला येऊन मिळत नाहीत, ताण वाटला जातो आणि पाय मोकळा पडतो. शिंप्याला सांगितलं तर तो पण लावून देतो.

घालून बघताना आरशासमोर उभं राहण्यात काही अर्थ नाही. ट्रायल रूममध्ये मांडी घालून बसा, उकिडवं बसा, गाडीवर टांग टाकतो तसा पाय टाका. बसल्यावर कंबर मागून खाली सरकली तर बैठकीची उंची कमी आहे. गुडघ्यात कापड ताणलं तर चढावर त्रास. थोडा स्ट्रेच चालतो, दोन टक्के ठीक, फार स्ट्रेचवाल्या पँटची रबर आपल्या उन्हात वाळवून वाळवून वर्षात मरते आणि गुडघ्यावर फुगे येतात. ज्या बुटात चालणार तेच घालून लांबी बघा, टाचेखाली येणारी पँट महिन्यात खालून झिजते.

खिशाचं बायकांनी विशेष बघा. आमच्या पँटला खिसा म्हणून जे देतात त्यात अर्धा मोबाइल बाहेर राहतो, म्हणून मी शिवूनच घेते आणि खिशाला मांजरपाटाऐवजी त्याच पँटचं नाहीतर दुसरं जाड कापड लावायला सांगते, किल्लीनं भोक पडत नाही. चेन धातूची, दहा वेळा वर-खाली करून बघायची, आणि वर नेऊन पट्टी खाली वळवली की ओढूनही उघडता कामा नये.

आता तीन आठवडे का म्हणाले ते. सुती असेल तर शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात घालून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात लांबीला एखादा इंच सहज आटतं. रेडिमेड असेल तर दोनदा धुवा, त्याआधी पांढरा ओला रुमाल कापडावर चोळा, रंग लागला तर ती पँट काही दिवस वेगळी धुवायची. मग ती घालून रोज गाडीवर जा आणि एका सकाळी दहा-बारा किलोमीटर चाला. मांडीला कुठं लागतंय, कुठली शिवण टोचतेय हे दहा किलोमीटरला कळलं तर शिंप्याकडे जायला वेळ असतो, सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून रात्री निघाल्यावर कळलं तर काही करता येत नाही. धुताना उलटी करून धुवायची, सावलीत वाळवायची, इस्त्री नाही केली तरी चालते.

शिंप्याकडून उरलेल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा मागून घ्या. तो, सुई, जाड दोरा आणि चार सेफ्टी पिना एका प्लॅस्टिकच्या पुडीत घालून पाठीवरच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, अंधारात हाताला लगेच लागेल असं.