कोलेस्टेरॉलच्या शोषणावर काम सुरू करताय?

या विषयात येणारे बहुतेक जण आहारापासून सुरुवात करतात. मीही तशीच केली. पण आतड्यात रोज येणाऱ्या कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा पित्तातून येतो, आहारातून त्यामानाने कमी. हे आधी पक्कं करा, नाहीतर पुढचे हिशेब जुळत नाहीत.

दुसरं म्हणजे आत आणि बाहेर, दोन्ही दारं एकत्र वाचा. मिसेलमधून (पित्तक्षार आणि स्निग्धांचे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म गोळे) आलेलं कोलेस्टेरॉल आतड्याच्या पेशीत घेण्यासाठी तिच्या पटलावर एनपीसी१एल१ हे प्रथिन लागतं. त्याच पटलावरची एबीसीजी५ आणि एबीसीजी८ ही प्रथिनांची जोडी वनस्पतींतले स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखेच पदार्थ), आणि काही कोलेस्टेरॉलही, परत आतड्याच्या पोकळीत टाकते. ही जोडी बिघडली की वनस्पतींतले स्टेरॉल रक्तात साठतात. सिटोस्टेरोलेमिया नावाचा आजार तो हाच. गंमत बघा, एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं शोषण कमी करणारं औषध २००२ मध्ये वापरात आलं, तरी ते नेमकं कशाला अडवतं हे ठाऊक नव्हतं. एनपीसी१एल१ची भूमिका २००४ मध्ये पुढे आली. मला हा क्रम फार आवडतो, कारण औषध नेमकं कशाला अडवतं हे शोधतानाच त्या प्रथिनाची भूमिका कळली.

आता प्रयोगाबद्दल, कारण माझे तीन महिने इथेच गेले. आम्ही काको-२ पेशी (माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून घेतलेल्या, प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या) वापरायचो. त्या आतड्याच्या पेशींसारख्या परिपक्व व्हायला साधारण २१ दिवस लागतात. पित्तक्षार आणि लेसिथिनच्या मिसेलमध्ये खूण लावलेलं कोलेस्टेरॉल घालून मी शोषण मोजत होते. आकडे भरघोस यायचे, पण एझेटिमाइब घातलं तरी ते तसूभर हलत नव्हते. औषध खराब असेल म्हणून मी नवं मागवलं. शेवटी आमच्या गाइड म्हणाल्या, "ताटलीतल्या पेशी नसलेल्या खळग्यात तेच करून बघ." आकडा जवळपास तेवढाच आला! कोलेस्टेरॉल प्लास्टिकला चिकटत होतं आणि मी त्यालाच शोषण समजत होते. मग पित्तक्षाराच्या द्रावणाने धुणं वाढवलं, रिकाम्या खळग्याचा आकडा दर वेळी वजा केला, तेव्हा कुठे एझेटिमाइबचा परिणाम दिसला.

मिसेलचं द्रावण उजेडासमोर धरा. गढूळ दिसलं तर कोलेस्टेरॉल मिसेलमध्ये पूर्ण गेलेलं नाही. ते पेशींवर घालू नका.

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना पेशी वाढेपर्यंतचे २१ दिवस मी रिकाम्या ताटल्यांवरच काम करायला लावते.