बाळ छातीशी, पण तास कुठून आणायचे?

एसएनसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्या, दाराशी उभे असलेले नातेवाईक पहिल्यांदा हेच विचारतात, "सिस्टर, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय ना?" पेटीवर लोकांचा फार जीव. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी ठेवायचं म्हटलं की चेहरे पडतात. सरकारी दवाखान्यात मशिनी कमी, म्हणून आपल्याला ही गरिबाची सोय दिली, असं त्यांना वाटतं. एका आजीने तर मला तोंडावर सांगितलं होतं, "पैसे भरतो, पण पेटीतच ठेवा."

त्यांचं अगदीच चूक नाही. बाळाला असं आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवण्याला कांगारू मदर केअर म्हणतात, आमच्या वॉर्डात केएमसी. ते सुरू झालं टंचाईतूनच. १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे पडत होते, जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी आईच्या अंगाची ऊब वापरायला सुरुवात केली. पण नंतर तपासून पाहिलं तर ही सोय नुसती भागवाभागवी निघाली नाही. आपल्या मुंबईत केईएममध्ये दोन किलोखालच्या २०६ बाळांचा अभ्यास झाला, तो २००८ साली छापून आला. केएमसीच्या बाळांचं वजन रोज सरासरी २४ ग्रॅमने वाढलं, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांचं साडेपंधरा ग्रॅमने.

तरी आम्हाला एक नियम पक्का शिकवलेला होता: बाळ आधी स्थिर होऊ द्या, मग केएमसी. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस, जे सगळ्यात धोक्याचे, तेव्हा बाळ एका मजल्यावर आणि आई दुसऱ्या. २०२१मध्ये हा नियम मोडला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत, भारतातलं दिल्लीचं सफदरजंग, १ किलो ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांना जन्मल्याबरोबर छातीशी दिलं, गरज असेल त्यांना ऑक्सिजन लावलेला असतानाही. आयांचे पलंग थेट अतिदक्षता कक्षात आणले. पहिल्या २८ दिवसांत या गटातली १२ टक्के बाळं गेली, थांबून केएमसी दिलेल्या गटातली १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सूचना बदलली: जन्मानंतर लगेच सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास.

माझ्या लेखी त्या अभ्यासातला खरा कामाचा आकडा वेगळाच आहे. अतिदक्षता कक्षात असताना पहिल्या गटातली बाळं दिवसाला साधारण १७ तास छातीशी होती आणि दुसऱ्या गटातली दीड तास. आपल्याकडे "केएमसी दिलं" म्हणून कागदावर टिकमार्क पडतो, तो बहुतेक वेळा या दीड तासाचा असतो. तेव्हा बाळ कसं बांधायचं हे पाच मिनिटांत शिकवता येतं, खरी गोष्ट आहे तास जमवण्याची.

बांधण्याचं आधी उरकते. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. झबलं नको, दुपटं नको. कातडीला कातडी लागली पाहिजे. आईने पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाउज घालायचं, आतला कपडा काढायचा. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाला टेकलेलं, पाय बेडकासारखे दुमडलेले, हात वाकवून छातीवर. मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर. हनुवटी छातीवर पडली तर श्वासाची वाट दबते, म्हणून आईला बाळाचं तोंड सतत दिसलं पाहिजे. मग मऊ सुती कापडाचा पट्टा बाळाच्या कानाच्या खालच्या कडेपर्यंत घेऊन गुंडाळायचा. जुनी धुतलेली सुती साडी याला उत्तम, विकतचा बाइंडर हवाच असं नाही. पट्टा छातीवर घट्ट, पोटावर सैल. बाळ पोटाने श्वास घेतं. वरून आईचा गाऊन आणि गार असेल तर शाल. झोपताना आईने सपाट पडायचं नाही, पाठीला उशा लावून अर्धवट टेकून झोपायचं. नाकात नळी किंवा हाताला सलाईन असेल तर बाळ स्वतः उचलू नका, सिस्टरला हाक मारा. आम्ही ओरडणार नाही. ओरडलो तरी हाक मारा.

आता तास. एका वेळी तासाभरापेक्षा कमी ठेवू नका. सारखं काढ-घाल केल्याने बाळ दमतं. आईला आठ तासांच्या पुढे एकटीने नेणं अवघड जातं. तिचे टाके ओले असतात, तिला बाथरूमला जायचं असतं, जेवायचं असतं, आणि वॉर्डात उकाड्यात छातीवर बाळ घेऊन घामाघूम व्हायला होतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी घरच्यांना समोर बसवते आणि कागदावर चार खाने आखते: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक खान्यात नाव लिहून घेते. बाळाचा बाबा, आजी, आत्या, मावशी, कुणीही चालतं. अंगावर खरूज-नायटा नको, सर्दी-खोकला नको, तंबाखूचा हात साबणाने कोपरापर्यंत धुतलेला हवा. आई सिझेरियनच्या गुंगीत असेल तेव्हा पहिला मान बाबाचा. बाबा लाजतात. "सिस्टर, मला जमणार नाही, हातातून निसटेल." शर्टाची बटणं काढून खुर्चीत बसवलं, पट्टा बांधून दिला, की अर्ध्या तासात हाच माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू बोला म्हणून दटावत असतो.

सासूबाईंचं वेगळं. "बाळंतिणीला इतका वेळ बसवून ठेवायचं? वारा लागेल, कंबर धरेल." मी वाद घालत नाही. म्हणते, "आजी, मग दुपारचे तीन तास तुम्ही घ्या, तेवढी ती झोपेल." आजींच्या छातीचीही ऊब तितकीच. कंबरेचं म्हणाल तर आईला टेकायला उशी, पाय ठेवायला पाट किंवा स्टूल आणि मधेमधे बाळासकट वॉर्डात फेरी. बांधलेलं बाळ घेऊन ती चालू शकते, जेवू शकते, फोनवर बोलू शकते. हे कळलं की तास आपोआप वाढतात.

दुधाचं थोडक्यात. छातीशी असलं की बाळ आपणच स्तन शोधायला लागतं, तोंड उघडतं, हाताची मूठ चाटतं. ते दिसलं की लावून बघा. गरोदरपणाच्या ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला ओढणं आणि गिळणं एका वेळी जमत नाही, म्हणून सुरुवातीला नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. पाजताना बोंडलं ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं, ओतायचं नाही. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दूध हाताने काढलेलं असेल तर उन्हाळ्यात चार तासांवर बाहेर ठेवू नका. बाटली नको, मध नको, गुटी नको.

वजनाच्या काट्याने घाबरू नका. पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच, ते दोन आठवड्यांत भरून येतं. त्यानंतर दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ हवी, म्हणजे दीड किलोच्या बाळाची २५ ग्रॅमच्या आसपास. रोज दुसऱ्याच्या बाळाशी तुलना करणाऱ्या आयांना मी काट्याजवळ फिरकू देत नाही.

घरी जाताना बाळ दुपट्यात गुंडाळून मांडीवर नेऊ नका. ते छातीला बांधूनच गाडीत बसा. सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला १०२ची गाडी फुकट मिळते, डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आणि घरी गेल्यावर केएमसी संपत नाही. हरियाणात दीड ते सव्वादोन किलोच्या ८,४०२ बाळांचा अभ्यास झाला, २०१९मध्ये छापला. तिथे घरोघरी जाऊन आयांना केएमसी शिकवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. घरी करण्याजोगं खूप असतं हे आपल्याला गडचिरोलीने आधीच दाखवलं होतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, १९९९मध्ये त्यांचे निकाल आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई घरी येतात त्याची मुळं तिथे आहेत. तेव्हा आशाताई दाराशी आल्या की "बाळ झोपलंय" म्हणून परत पाठवू नका.

घरात सव्वा महिन्याचं कौतुक असतं, असू दे. आई-बाळ एका खोलीत, कामं दुसऱ्यांकडे, येणारे-जाणारे कमी. हे केएमसीला पथ्यावरच पडतं. पण खाटेखालची शेगडी आणि धुरी बंद. धुराने बाळाच्या छातीचं काय होतं ते मी रोज बघते. शेक हवा असेल तर आईची छाती आहे. न्हाऊ-माखू घालायची घाई नको, दोन किलो होईपर्यंत कोमट पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. काजळ तर नकोच.

ऊब तपासायला थर्मामीटर असेल तर काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हवं. नसेल तर हाताच्या पाठीने आधी पोट, मग तळपाय बघा. दोन्ही उबदार, ठीक. पोट उबदार आणि पाय गार, म्हणजे बाळ थंडीशी झगडतंय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी बांधूनच दवाखाना गाठा.

थांबू नये अशा गोष्टी: दूध ओढणं सोडलं, निपचित पडलं, मिनिटाला ६०हून जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळे, तळहात-तळपाय पिवळे, ताप किंवा आकडी. श्वास मधेच थांबला तर पाठ चोळा, तळव्याला टिचकी मारा, आणि श्वास परत आला तरी १०८ला फोन करा. दृष्ट काढायची असेल तर गाडी येईपर्यंत काढा.

कधी थांबायचं? बाळ अडीच किलोच्या जवळ आलं की तेच सांगतं. पट्ट्यात हातपाय झाडतं, घामेजतं, बाहेर काढलं की शांत होतं. तोवर तासांचा कागद भिंतीला चिकटवून ठेवा.

आणि एक काम बहुतेक जण विसरतात. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोखाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत व्हावी लागते. वरून डोळे टपोरे दिसतात, म्हणून लोक टाळतात. डिस्चार्ज कार्डावर त्या तपासणीची तारीख नसेल तर वॉर्ड सोडण्याआधी लिहून मागा.