आखाजीला घर घेताय? विमा वास्तुशांतीपर्यंत थांबवू नका

खान्देशात घराचा व्यवहार आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपास उरकायची हौस फार. मुहूर्त उत्तम, पण वळवाच्या वादळाचेही हेच दिवस. रावेर-यावलकडे केळी आडवी होते ती याच सुमारास. आम्ही अमळनेरला घर घेतलं तेव्हा मंगळवारी खरेदीखत झालं आणि विमा ‘वास्तुशांती झाली की बघू’ म्हणून राहिला. शुक्रवारी संध्याकाळी मागच्या पडवीचे चार पत्रे उडाले, त्यातला एक शेजारच्या निंबात जाऊन अडकला. विकणाऱ्या नानांना फोन लावला तर म्हणाले, “भाऊ, दस्त झाला, आता घर तुमचं.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मालकी आली की नुकसानही घेणाऱ्याच्याच माथी येतं.

म्हणून विम्याचा विषय इसार देता देताच काढा. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं तरी मालक अजून विकणाराच असतो, तेव्हा त्याचा विमा असेल तर तो खरेदीखतापर्यंत चालू ठेवायला सांगा. त्याची पॉलिसी घरासोबत आपोआप आपल्या नावावर येत नाही, हेही लक्षात असू द्या. खरेदीखताआधी घराचं नुकसान झालं तर दुरुस्ती कोण करणार, की किंमत कमी होणार, ही एक ओळ वकिलाकडून साठेखतात घालून घ्या. रंगकामासाठी किल्ली आधीच हातात आली असेल तर त्या मधल्या दिवसांचं काय, ते विमा कंपनीला लेखी विचारा.

खरेदीखताच्या दोन आठवडे आधी माहिती गोळा करा: चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा), बांधकामाचं वर्ष, भिंती कशाच्या, छत कशाचं. जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर असेल तर धाब्याचं, पत्र्याचं असेल तर पत्र्याचं असंच लिहा. प्रीमियम वाचवायला ‘स्लॅब’ लिहिलेला क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. रक्कम ठरवताना बहुतेक जण चुकतात ते इथे. घर ४० लाखांना घेतलं म्हणून विमा ४० लाखांचा नसतो. जागा जळत नाही की वाहून जात नाही. धरायचा तो पुन्हा बांधण्याचा खर्च. ६० चौरस मीटर चटई क्षेत्र आणि मीटरला २० हजार खर्च धरला तर १२ लाख. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच साच्याची पॉलिसी देतात. तिच्यात घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपसूक मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. म्हणजे इथे २ लाख ४० हजार. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप हे सगळं त्यात येतं. पांझरा किंवा बोरीच्या काठाला घर घेणाऱ्यांनी पुराचं कलम स्वतः वाचावं, एजंटच्या तोंडावर जाऊ नये. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण मागावं लागतं.

कर्ज असेल तर बँकेत कानावर दोन विमे पडतील. एक घराचा, दुसरा कर्जदाराच्या जिवाचा. सही करण्याआधी कागद कुठला आहे ते बघा. बँकेने सुचवलेल्या कंपनीकडूनच घ्या अशी सक्ती नसते. बाहेरून घेतलात तर पॉलिसीत बँकेचं नाव घालून प्रत द्या. प्रीमियम कर्जातच जोडला तर त्यावरही वर्षानुवर्षं व्याज जातं.

प्रीमियम भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, म्हणून पैसे आदल्या दिवशीच भरा आणि सुरुवातीची तारीख खरेदीखताचीच टाकून घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर पडल्यावर पॉलिसीतलं नाव आणि पत्ता इंडेक्स टूशी, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्याशी, पडताळून पाहा. मग घरी जाऊन छत, भिंती, वायरिंग, मीटर यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. जुनी ओल आणि वाळवी दिसली तर तीही टिपा; तिचे पैसे विमा देत नाही, ते नानांशी दस्ताआधीच बोलायचं.